ताप कितव्या दिवसाचा? रक्त घेण्यापासून एलायझाच्या रिपोर्टपर्यंत

एकाच माणसाचे तीन रिपोर्ट घेऊन नातेवाईक टेबलासमोर उभे राहतात. पहिल्यात विडाल (विषमज्वराची अँटिबॉडी तपासणी) पॉझिटिव्ह, दुसऱ्यात डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह, तिसऱ्यात डेंग्यू आयजीएम (आजारात आधी तयार होणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. "आता यातलं खरं कोणतं, साहेब?" बहुतेक वेळा तिन्ही ठिकाणच्या किट चांगल्या असतात. चूक किटच्या आधीच झालेली असते. रक्त चुकीच्या दिवशी घेतलेलं असतं, नमुना वाटेत खराब झालेला असतो, नाही तर तपासणीला जे सांगताच येत नाही ते तिच्याकडून वदवून घेतलेलं असतं.

ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या खासगी पॅथॉलॉजीत काम करणाऱ्यांसाठी, विशेषतः डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीडच्या धानपट्ट्यात काम करतो. रोवणीपासून कापणीपर्यंत आमच्याकडे तापाची रांग हटत नाही. डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), मलेरिया, विषमज्वर हे सगळे एकाच बाकावर बसलेले असतात आणि पहिल्या तीन दिवसांत सगळे सारखेच दिसतात.

टप्पा १ : तापाचा दिवस ठरवा

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, म्हणून यावरच जास्त लिहितो.

अँटिबॉडी म्हणजे शरीराने दिलेलं उत्तर, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. डेंग्यूत विषाणूचं एनएस१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर सापडण्याची शक्यता घटत जाते. आयजीएम अँटिबॉडी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळपास सर्व रुग्णांत मिळते. म्हणून दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली तर त्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. आठव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली तरी तेच.

स्क्रब टायफसची आयजीएमही पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे वर येते. विडालला दुसरा आठवडा लागतो. पहिल्या आठवड्यात विषमज्वराचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं) हाच योग्य नमुना. मलेरियाचा स्मिअर किंवा कार्ड मात्र कोणत्याही दिवशी करता येतं. फक्त एचआरपी-२ या मलेरियाच्या जंतूच्या प्रथिनावर चालणारं कार्ड उपचारानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, हे लक्षात ठेवा. गडचिरोलीकडून आलेल्या रुग्णाला मागच्या महिन्यात मलेरियाच्या गोळ्या झाल्या होत्या का, हे विचारल्याशिवाय ते कार्ड वाचू नका.

आता दिवस विचारायचा कसा? "ताप कधीपासून?" एवढंच विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "झाले असतील दोन-तीन रोज, जी." हे उत्तर फॉर्मवर लिहू नका. खुणेचा दिवस धरून विचारा.

एका काकाजींना मी विचारलं, "पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला तुम्हीच गेले होते का?"
"नाही जी, पोरानं नेले. मले तवाच हुडहुडी भरली होती."
पोळा होऊन सहा दिवस झाले होते. म्हणजे तो तापाचा सातवा दिवस होता. दोन-तीन रोजांवर विसंबून मी फक्त एनएस१ लावली असती, तर ती निगेटिव्ह येण्याचीच शक्यता मोठी होती. आठवडी बाजार, गावातलं लग्न, पऱ्हाटीचं निंदण कधी झालं, शेवटची मजुरी कोणत्या दिवशी केली, यांतली एखादी खूण लागतेच. ताप सुरू झाला तो पहिला दिवस धरायचा, शून्यावा नाही.

फॉर्मवर लिहा : ताप सुरू झाल्याची तारीख, नमुन्याची तारीख, आधी घेतलेली औषधं, मागच्या तीन महिन्यांतला ताप.

स्क्रब टायफससाठी आणखी एक काम आहे. सिस्टरांना सांगून रुग्णाची काख, जांघ, कंबरपट्टा आणि स्त्रियांमध्ये स्तनाखालची जागा पाहून घ्या. चटका बसल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून सांगत नाही. ती दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा. डॉक्सिसायक्लिन रिपोर्टसाठी थांबवून ठेवायचं औषध नाही. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसं दगावली होती, तेव्हापासून आम्ही ही खपली शोधणं कधी सोडलं नाही.

टप्पा २ : रक्त घेणं

अँटिबॉडीच्या तपासणीसाठी लाल टोपणाची साधी किंवा पिवळ्या टोपणाची जेलची ट्यूब. जांभळ्या टोपणाची ट्यूब सीबीसी आणि मलेरियासाठी. दोन्ही घ्यायच्या असतील तर लाल आधी, जांभळी नंतर.

पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवू नका. स्पिरिट वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर सुई टोचली तर रक्तपेशी फुटतात. सिरिंजने घेतलं असेल तर सुई काढून रक्त ट्यूबच्या कडेने हळू सोडा, पिचकारी मारू नका. मोठ्या माणसाचं ३ ते ५ मिलिलिटर पुरतं.

ट्यूबवर नाव रुग्णाच्या समोरच लिहायचं. दहा ट्यूब खिशात टाकून टेबलाशी जाऊन नावं लिहिण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. आमच्या गावांत एकाच आडनावाची आणि एकाच नावाची चार माणसं एका सकाळी येतात. नाव, वय, गाव आणि नोंदणी क्रमांक, चारही हवेत.

तपासून पाहा : ट्यूब आणि फॉर्मवरचा क्रमांक एकच आहे ना? फॉर्मवर तापाचा दिवस आहे ना? नसेल तर रुग्ण बाकावरून उठायच्या आत विचारून घ्या.

टप्पा ३ : सिरम वेगळं करणं

साधी ट्यूब उभी ठेवून ३० ते ६० मिनिटं रक्त गोठू द्या. घाईने दहाव्या मिनिटाला सेंट्रिफ्यूजमध्ये टाकलं तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात. हे धागे पिपेटच्या टिपेत अडकतात आणि १० मायक्रोलिटरच्या जागी ६ मायक्रोलिटर जातं. डोळ्यांना कळत नाही, ओडीत कळतं, म्हणजे एलायझा या रंगावरून अँटिबॉडी किंवा विषाणूचं प्रथिन शोधणाऱ्या तपासणीत रंगाचा जो आकडा येतो त्यात.

मग ३००० आरपीएमवर १० मिनिटं. समोरासमोर सारख्या वजनाच्या ट्यूब ठेवा. वरचं पिवळसर सिरम वेगळ्या झाकणाच्या छोट्या ट्यूबमध्ये काढा आणि तिच्यावर पुन्हा क्रमांक घाला.

सिरमचा रंग पाहा. लालसर असेल तर रक्तपेशी फुटल्या आहेत. हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, त्यामुळे एलायझात उगाच रंग चढू शकतो. दुधासारखं पांढुरकं असेल तर चरबी जास्त आहे. अशा नमुन्याची नोंद करा आणि शक्य असेल तर दुसरं रक्त मागा.

टप्पा ४ : साठवण आणि पाठवणी

सिरम दोन-चार दिवसांत लावायचं असेल तर २ ते ८ अंशांवर ठेवा. त्याहून जास्त दिवस ठेवायचं असेल तर उणे २० अंशांवर, आणि एकदा वितळवलं की पुन्हा गोठवू नका. एकच नमुना अनेकदा लागणार असेल तर सुरुवातीलाच दोन-तीन छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

सावधान : सिरम वेगळं न केलेलं, अख्खं रक्त कधीही गोठवू नका. उपकेंद्रातून आलेल्या ट्यूब थेट बर्फाला चिकटून येतात आणि उघडल्यावर सगळं लालभडक सिरम मिळतं. लसीकरणाला करतो तसंच इथेही करा : आइसपॅक बाहेर काढून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबा, मगच कॅरियरमध्ये ठेवा. ट्यूब आणि आइसपॅकमध्ये कापूस किंवा कागद घाला.

ट्यूब कापसात गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कॅरियरमध्ये. ट्यूब उभीच राहिली पाहिजे. फॉर्म वेगळ्या पिशवीत, नाही तर पाण्याने शाई पसरते आणि नेमका तापाचा दिवसच वाचता येत नाही.

एसटीने जिल्ह्याला नमुने जात असतील तर डबा ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर ठेवू देऊ नका. जागा मोकळी असते म्हणून कंडक्टर तिथेच ठेवायला सांगतात. त्या झाकणाला हात लावून पाहिला की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

टप्पा ५ : रॅपिड कार्ड

कार्ड सोपं दिसतं म्हणून त्यात चुका जास्त होतात. बहुतेक कार्डांच्या पाकिटावर ३० अंशांपर्यंत साठवा असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात कौलाखालच्या स्टोअरमध्ये पारा ४० च्या खाली येत नाही. स्टोअरमध्ये थर्मामीटर टांगा, रोज दुपारी वाचून वहीत लिहा. खोली तापत असेल तर कार्ड फ्रिजमध्ये ठेवा, पण वापरायच्या आधी पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड कार्ड फोडलं की त्यावर दव धरतं.

वाचायची वेळ किटच्या कागदावर असते, बहुधा १५ ते २० मिनिटं. घड्याळ लावा. रांग मोठी आहे म्हणून तासाभराने पाहिलेली टी (तपासणीची) रेघ धरायची नाही. वेळेत आलेली फिकट रेघ मात्र बहुतेक किटमध्ये पॉझिटिव्हच असते.

सी (कंट्रोलची) रेघ आली नाही तर कार्ड बाद, टी रेघ आली असली तरी. आणि सी रेघ आली म्हणजे सगळं ठीक झालं असंही नाही. अनेक कार्डांत नुसतं बफर टाकलं तरी सी रेघ उमटते. सिरम टाकायचं विसरलात हे ती रेघ तुम्हाला सांगणार नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमात डेंग्यूची खात्री एनएस१ एलायझा किंवा आयजीएम कॅप्चर एलायझाने करतात, एकट्या कार्डाने नाही. कार्ड पॉझिटिव्ह आलं की उरलेलं सिरम टाकून देऊ नका, सेंटिनल (डेंग्यूच्या निगराणीसाठी नेमलेल्या) प्रयोगशाळेला पाठवा.

टप्पा ६ : विडाल

आधी माझं मत सांगतो. स्लाइडवरची एकटी विडाल ही आपल्या भागातली सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी तपासणी आहे. जिथे विषमज्वर वर्षानुवर्षं आहे, तिथे निरोगी माणसातही थोडा टायटर (सिरम किती पट पातळ केलं तरी गुठळी दिसते तो आकडा) असतो. जुना आजार, लस, एवढंच काय दुसरा कोणताही ताप हा आकडा थोडा वर नेऊ शकतो. म्हणून नुसतं 'विडाल पॉझिटिव्ह' लिहिलेला रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नाही.

करायचीच तर टायटर काढा. अँटिजेनच्या (मारलेल्या जंतूंच्या द्रावणाच्या) बाटल्या खोलीच्या तापमानाला आणून नीट हलवा, तळाला साका राहता कामा नये. स्लाइडवर ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर सिरम ओळीने घ्या, प्रत्येकात एक थेंब अँटिजेन मिसळा. हे अनुक्रमे १:२०, १:४०, १:८०, १:१६० आणि १:३२० होतं. एक मिनिट स्लाइड हलवा आणि तेव्हाच वाचा. पंख्याखाली दोन-तीन मिनिटं गेली की थेंबाच्या कडा वाळून दाणेदार दिसतात आणि त्यालाच गुठळी समजलं जातं. दर वेळी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) सोबत लावा.

ओ आणि एच या दोन्ही अँटिजेनचे आकडे लिहा, आणि शेजारी तापाचा दिवस.

टप्पा ७ : एलायझाची तयारी

तपासणी चालवायला साडेतीन-चार तास लागतात, तयारीला एक तास. हा तास वाचवला की ते चार तास वाया जातात.

किट फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. वॉश बफरच्या घट्ट द्रावणात खडे धरले असतील तर बाटली कोमट पाण्यात धरून ते पूर्ण विरघळवा. २० पटीचं बफर असेल तर ५० मिलिलिटरमध्ये ९५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालायचं. १००० नाही. बोअरचं पाणी चालत नाही, क्षार राहतात.

पिपेट तपासा. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन ०.१ ग्रॅम भरतं. आमच्याकडे इतका बारीक काटा नव्हता तेव्हा मी बाजारातल्या सोनाराकडे पिपेट, कोऱ्या टिपा आणि नुसतं पाणी घेऊन गेलो. दहा वेळा १०० मायक्रोलिटर टाकून एक ग्रॅम भरतो का ते पाहिलं. काट्यावर ०.९१ आलं. म्हणजे आमचं पिपेट प्रत्येक वेळी नऊ टक्के कमी टाकत होतं आणि ते कधीपासून हे कुणालाच माहीत नव्हतं. ते दुरुस्तीला पाठवलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी हे करतो.

प्लेटचा नकाशा कागदावर आधी काढा : कोणत्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) कोणता कंट्रोल, कोणता क्रमांक. आठवणीवर काम करू नका.

लाइन कधी जाते याचा अंदाज घेऊन सुरुवात करा. इनक्युबेटर आणि रीडर इन्व्हर्टरवर असावेत. रीडर १५-२० मिनिटं आधी सुरू करून ठेवा.

सावधान : एलायझाला लागणारं एकही भांडं सोडियम हायपोक्लोराइटने धुतलेलं नको. माझ्याकडून हे झालं आहे. सबस्ट्रेट (शेवटी रंग देणारं द्रावण) ओतायची वाटी आदल्या दिवशी हायपोक्लोराइटमध्ये बुडवलेली होती, एकदाच पाण्याने विसळली. सबस्ट्रेट वाटीत ओतताच निळं पडायला लागलं. मी तरीही ते वेलमध्ये टाकलं, आणि निगेटिव्ह कंट्रोलसकट सगळी प्लेट निळी झाली. सिरम शिल्लक होतं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता आलं, पण रुग्णांना एक दिवस थांबावं लागलं. सबस्ट्रेट वेलमध्ये जाण्याआधी पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे.

टप्पा ८ : एलायझा चालवणं

इथे डेंग्यू आयजीएम कॅप्चर एलायझाचा क्रम देतो. वेळ आणि प्रमाण नेहमी तुमच्या किटच्या कागदावरचंच घ्या, मागच्या किटवरचं नाही.

१. सिरम १:१०० करा. १० मायक्रोलिटर सिरम, ९९० मायक्रोलिटर डायल्युएंट. प्रत्येक नमुन्याला नवी टिप. टिपेच्या बाहेरचा थेंब ट्यूबच्या कडेला टेकवून काढा.

२. कंट्रोल आणि नमुने नकाशाप्रमाणे वेलमध्ये टाका. टिप तळाला घासू नका, तिथेच अँटिबॉडीचा लेप असतो.

३. प्लेट झाकून ३७ अंशांवर ठेवा. आत ओलावा हवा, नाही तर कडेच्या वेल वाळतात आणि त्यांचे आकडे वेगळेच येतात. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ओला कापूस ठेवून त्यात प्लेट ठेवली की काम भागतं. प्लेटवर प्लेट रचू नका.

४. धुवा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. प्रत्येक वेल काठोकाठ भरायची, साधारण ३०० मायक्रोलिटर, अर्धा मिनिट थांबायचं, ओतायचं. असं पाच वेळा. शेवटी प्लेट उलटी करून टिपकागदावर ठोकायची. वेलमध्ये बुडबुडा राहिला तर तिथे बफर पोहोचलंच नाही. आणि धुतल्यावर वेल कोरड्या पडू देऊ नका, पुढचं द्रावण तयार ठेवूनच धुवा.

५. अँटिजेन, मग बायोटिन जोडलेली अँटिबॉडी, मग एचआरपी कॉन्ज्युगेट (रंग चढवणारं एन्झाइम जोडलेलं द्रावण, मलेरियाच्या एचआरपी-२ शी याचा संबंध नाही). प्रत्येक पायरीनंतर दिलेला वेळ आणि धुणं. क्रम बदलला तर रंग येणारच नाही. कॉन्ज्युगेटच्या आसपास सोडियम अझाइड घातलेलं कोणतंही द्रावण नको, ते एन्झाइम बंद पाडतं.

६. सबस्ट्रेट टाकून अंधारात ठेवा. उन्हाळ्यात खोली ३८ अंशांची असेल तर रंग भराभर चढतो, म्हणून ही पायरी सर्वांत थंड खोलीत करा.

७. स्टॉप सोल्युशन. सबस्ट्रेट ज्या क्रमाने आणि ज्या गतीने टाकलं, त्याच क्रमाने आणि गतीने. एका नळीच्या पिपेटने ४८ वेल भरायला काही मिनिटं सहज जातात. स्टॉप उलट्या बाजूने टाकलं तर पहिल्या वेलला जास्त आणि शेवटच्या वेलला कमी वेळ मिळतो. निळा रंग पिवळा होतो.

८. वेलचा तळ पुसून ४५० नॅनोमीटरवर दहा मिनिटांच्या आत वाचा.

मधेच लाइन गेली तर इनक्युबेटरचं दार उघडू नका, वेळ लिहून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात परत आली नाही तर प्लेट सोडून द्या आणि पुन्हा लावा. अंदाजाने वेळ वाढवून काढलेला आकडा कुणाच्या उपचाराला लावू नये.

टप्पा ९ : वाचणं आणि लिहिणं

आधी फक्त कंट्रोल पाहा. किटने दिलेल्या मर्यादेत ते नसतील तर रुग्णांचे आकडे पाहूही नका, प्लेट बाद. एकदा रुग्णाचा आकडा डोळ्यांखालून गेला की प्लेट वाचवायचा मोह होतो.

कंट्रोल बरोबर असतील तर किटच्या सूत्राने कटऑफ (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा) काढा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्या मधल्या पट्ट्यातल्या नमुन्याला कोणत्याही एका बाजूला ढकलू नका. 'अनिश्चित' लिहा, पुन्हा लावा, तेच आलं तर दुसरं रक्त मागा.

रिपोर्टमध्ये असं लिहावं : "डेंग्यू आयजीएम एलायझा : निगेटिव्ह. नमुना तापाच्या तिसऱ्या दिवशी घेतलेला. संशय कायम असल्यास सातव्या दिवसानंतर पुन्हा नमुना पाठवावा." शेवटची दोन वाक्यं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

पॉझिटिव्हलाही मर्यादा आहेत. डेंग्यूची आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते, म्हणून आत्ताचा ताप आणि मागच्या महिन्याचा ताप यांत ती फरक करत नाही. फॉर्मवर मागच्या तीन महिन्यांतला ताप विचारला तो यासाठीच. जपानी मेंदूज्वराच्या अँटिबॉडीही डेंग्यूच्या किटमध्ये रंग देऊ शकतात. आणि ज्याला दुसऱ्यांदा डेंग्यू झाला आहे त्याची आयजीएम कमी राहून आयजीजी (जास्त काळ टिकणारी अँटिबॉडी) लवकर उसळते, अशा रुग्णात आयजीएम निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांशी बोला.

टप्पा १० : कचरा आणि दुसरा नमुना

सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. प्लॅस्टिकच्या ट्यूब, टिपा, हातमोजे निर्जंतुक करून लाल पिशवीत. काच निळ्यात. हायपोक्लोराइटची बादली एलायझाच्या टेबलापासून दूर ठेवा.

उरलेलं सिरम रिपोर्ट दिल्यावर लगेच टाकू नका, उणे २० अंशांवर महिनाभर ठेवा. ज्याचं उत्तर अनिश्चित आलं त्याच्याकडून १० ते १४ दिवसांनी दुसरं रक्त घ्या. आधीच्या नमुन्याच्या तुलनेत टायटर चौपट वाढला तर आजार आत्ताचा आहे असं ठरवता येतं. हे दोन नमुने दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या प्लेटवर लावून आकडे जुळवायचे नाहीत. पहिलं सिरम जपून ठेवायचं, दुसरं आलं की दोन्ही एकाच प्लेटवर शेजारच्या वेलमध्ये लावायचे.

पेशंट बरं वाटू लागल्यावर दुसऱ्या नमुन्यासाठी येत नाही, हे आपण सगळेच पाहतो. म्हणून तारीख आणि रुग्णाचं नाव लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या हातात नको, त्याच्या गावच्या आशाताईंच्या हातात द्या, आणि ती तारीख शक्यतो त्या गावाच्या बाजाराच्या दिवसाची ठेवा.